बखोटीला धरून

फ्राजी कोहेन बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात ओडेटचा चष्मा होता. आधी त्याला एवढंच कळलं. आपण खोलीतून व्हरांड्यात, लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली आणि तिथून हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर उघड्या आभाळाखाली येऊन उभे राहिलो आहोत, हे मागाहून कळलं. समोरच्या बाकावर एक बाई सूर्यफुलाच्या बिया फोडत बसली होती आणि टरफलं झग्याच्या ओच्यात साठवत होती. खाली हैफाच्या बंदरात एक जहाज भोंगा देत होतं. चष्म्याची एक काच पुसून झाली होती, दुसरीवर ओडेटच्या बोटाचा ठसा तसाच होता. "चष्मा दे रे," ती म्हणाली होती. "तुला नीट बघू दे. नुसता ढग दिसतोयस तू मला." आणि या गृहस्थाने, आयुष्यभर चष्म्याच्या दुकानात बसलेल्या माणसाने, मळकी काच कुणाच्या हातात द्यायची नाही म्हणून ती आधी सदऱ्याच्या टोकाला पुसायला घेतली. पुसता पुसता तिचा श्वास बदलला. एक आला, मग बराच वेळ आलाच नाही, मग विहिरीतून पोहरा ओढावा तसा एक घशातून वर आला. आणि त्याच क्षणी कुणीतरी फ्राजीला बखोटीला धरून उठवलं. खोलीत तिसरं माणूस नव्हतं. पण काखेत चार बोटं रुतली, दंड वर खेचला गेला, पाय आपोआप दाराकडे वळले. त्याच्या डाव्या हातात तिचा हात होता, तो सुटला. श्वास संपल्यावर सुटला की संपायच्या आधी, हे त्याला माहीत नव्हतं. हेच माहीत नव्हतं.

वर परत जावं, जिना तोच आहे, असं त्याने स्वतःला बजावलं. पाय हलेनात. थोड्या वेळाने पांढरे बूट घातलेली एक नर्स धावत खाली आली. "इथे होय तुम्ही! डॉक्टरांना शोधायला आलात ना? झालं हो सगळं. शांतपणे गेली बिचारी." फ्राजीने मान हलवली. डॉक्टरांना शोधायलाच आलो होतो, असं तोंडाने म्हणालासुद्धा. साठी उलटलेला माणूस, आणि शाळकरी पोरासारखं खोटं बोलला. ओडेटची मुलगी ओर्ना टॅक्सीतून उतरली तेव्हाही तो त्याच जागी उभा होता. "वर कोण आहे तिच्याजवळ?" तिने विचारलं. त्याने हातातल्या चष्म्याकडे बघितलं. ती एकटीच आत गेली, आणि फ्राजी फाटकाबाहेर, छप्पर नसलेल्या जागी, चष्मा धरून उभा राहिला.

आता या माणसाला ओळखणारं कुणीही हे ऐकून हसलं असतं. अहो, शब्बाथला, शनिवारच्या पवित्र सुट्टीला, दुकान उघडणारा हा हैफाच्या हदार वस्तीतला एकमेव चष्मेवाला. प्रायश्चित्ताच्या दिवशी, सगळं गाव उपाशी असताना, गॅलरीत बसून कॉफी पिणारा. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि वाद जास्त. "देवाने सांगितलं म्हणून चोरी करत नाही तो चोरच," हे त्याचं नेहमीचं. "पोलीस झोपला की तो चोरी करणार. मला चोरी करायची नाही कारण मला ती करावीशी वाटत नाही. माझं मी ठरवलंय." लोक त्याला मुद्दाम "पुरोहितबुवा" म्हणून हाक मारत, कारण आडनाव कोहेन. कोहेन म्हणजे जुन्या मंदिरातल्या पुरोहितांचं रक्त. मंदिर जाऊन युगं लोटली, पूजा गेली, होम गेले, दक्षिणा गेली. मागे उरलं ते फक्त सोवळं. कोहेनाने प्रेत असलेल्या छपराखाली थांबायचं नाही. कबरीजवळ जायचं नाही. आई, बाप, भाऊ, लेकरू, लग्नाची बायको, एवढ्या मोजक्या माणसांसाठी सूट, बाकी कुणाचंही मढं असो, कुंपणाबाहेर राहायचं. आणि घटस्फोट झालेली बाई करायची नाही. फ्राजी हे सगळं गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचा, आणि शेवटी काचेवर हुं करून फुंकर मारायचा, म्हणजे निकाल लागला.

पण लहानपण काही फुंकरीने जात नाही. ट्युनिसियाच्या जेर्बा बेटावरचं त्यांचं गाव सगळंच्या सगळं कोहेनांचं. गावात कुणी मेलं तर खांदा द्यायला दुसऱ्या वस्तीतून माणसं यायची, कारण इथले सगळेच सोवळ्यातले. फ्राजीला एक पहाट आठवते. शेजारच्या घरात म्हातारी गेली होती, दोन्ही घरांवर एकच छप्पर. बाबांनी, मखलूफ कोहेन यांनी, पोरांना झोपेतच बखोटीला धरून उठवलं. "ऊठ, चल, बाहेर. आधी बाहेर, मग डोळे उघड." थोरला हवीता लगेच चालू लागला. फ्राजी उंबरठ्याला अडखळला आणि बाबांनी त्याला काखेतून उचलून नेलं, त्याचे पाय हवेत चालत होते. बाहेर ऑलिव्हच्या झाडांपाशी वाळूत त्यांना बसवलं, अंगावर एकच घोंगडी घातली. वाळू थंड होती. बाबांच्या हाताला चांदीचा आणि तेजाबाचा वास यायचा, ते दागिने घडवायचे. "आपण का पळालो?" फ्राजीने विचारलं होतं. "पळालो नाही रे राजा. आपण राखलेली माणसं." राखलेली! त्या शब्दाने त्याला इतकं सुख झालं होतं की थंडी वाजेनाशी झाली. पुढे सगळं घर बेट सोडून हैफाला आलं, पण हे मात्र त्याने दुकानात कधी कुणाला सांगितलं नाही.

ओडेट दुकानात आली ती मोडक्या दांडीचा चष्मा आणि लहानग्या ओर्नाला घेऊन. अलेक्झांड्रियाची पोर, बोलताना अर्धे शब्द फ्रेंच, हसताना मात्र पूर्ण कोळीण. "नवऱ्याच्या अंगावर फेकला," ती म्हणाली. "चष्मा मोडला, नवरा नाही मोडला. म्हणून मग नवराच सोडला." फ्राजीने दांडी बसवून दिली आणि पैसे घ्यायला विसरला. पुढचं सगळं भराभर झालं. बाबांनी ऐकलं, तेव्हा ते ओरडले नाहीत. दाराची कडी धरून उभे राहिले आणि म्हणाले, "जगात बायका संपल्या होत्या?" हवीता तर दक्षिणेकडे नेगेवमधल्या त्याच्या गावी निघून गेला आणि तिकडून निरोप पाठवला की ती बाई असेल त्या घरात मी पाणी पिणार नाही. आणि पुढे इतक्या वर्षांत त्याने ते पाळलं. इथल्या धर्मकोर्टात कोहेनाचं आणि घटस्फोट झालेल्या बाईचं लग्न लागत नाही. असली जोडपी जहाजात बसून सायप्रसला जात, तिथल्या कचेरीत सही ठोकून येत. परक्या देशाची सही इकडे चालते. ओडेटने त्यासाठी राखाडी रंगाची एक टोपी घेतली, बारीक जाळी असलेली. "बुकिंग करू?" तिने आरशात बघत विचारलं. फ्राजी म्हणाला, "कशाला? आपल्याला कुणाच्या शिक्क्याची गरज आहे का? ना इथल्या धर्मकोर्टातल्या रब्बीच्या, ना तिथल्या कारकुनाच्या. आपलं आपण ठरवलं ना, झालं." किती झोकात म्हणाला होता! ओडेटने टोपी काढली, परत डब्यात ठेवली. "बरं बाई," ती म्हणाली. "तत्त्वाच्या माणसाशी गाठ पडली." मग बंदरातून सायप्रसचं जहाज सुटलं की दर वेळी गॅलरीतून ती जहाजाला हात करायची. "चाललं बघ आपलं लग्न." आणि हसायची. त्या हसण्यात काय होतं, ते बघायला फ्राजीने कधी चष्मा लावला नाही.

आजारपणात तिने एकदाच विचारलं, तेही थट्टेतच. "मी गेले की आत येशील ना रे मूठभर माती टाकायला? की तुझ्या त्या भाऊबंदांसारखा कुंपणाबाहेरून टाटा करशील?" फ्राजी चिडला होता. "मला समजतेस कोण तू? सगळ्यांत पुढे मी असेन. माती मीच टाकीन." "शब्द?" "शब्द." देवाधर्माची शपथ त्याला चालत नव्हती, म्हणून त्याच्या शब्दाला घरात फार मोल होतं. दिलेला शब्द पाळायचा, एवढा एकच धर्म त्याने स्वतःसाठी ठेवला होता.

आणि आता दुसऱ्या दिवशी दुपारी तो दफनभूमीच्या फाटकासमोर उभा होता आणि आत जाऊ शकत नव्हता. समुद्रावरून वारा सुटला होता. फाटकातून येणारी जाणारी माणसं त्याला ओलांडून जात होती, कुणी खांद्यावर थाप मारत होतं. आत तिला पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवलं होतं, कुणीतरी तिच्याबद्दल चार शब्द बोलत होतं, ते वाऱ्याने तुटक तुटक ऐकू येत होते. फ्राजीने एक पाऊल टाकलं. लगेच काखेत बोटं रुतली. त्याने स्वतःला शिव्या घातल्या. म्हातारचळ लागला का तुला? त्याने मनाशी सगळे मुद्दे मांडले, दुकानात मांडायचा तसे, एकेक करून. माती म्हणजे माती. मेलेलं माणूस विटाळ नसतं. बाबा मरून किती वर्षं झाली. मुद्दे सगळे बिनतोड होते. पाय मात्र लहान पोराचे होते, त्यांना मुद्दे कळत नव्हते. लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली दुसरं काहीतरी होतं, ते तर आणखी वाईट: फाटकाबाहेर उभं राहून बरं वाटत होतं. घोंगडीखाली वाटलं होतं तसं. ओडेट तिथे आत एकटी, आणि याला इथे राखल्यासारखं वाटतंय! त्याला रडू फुटलं.

ओर्ना बाहेर आली. लेकीच्या नात्याने तिच्या झग्याचा गळा रिवाजाप्रमाणे फाडलेला होता. "फ्राजी, चल. नेतायत तिला."

"हो. आलो. तू हो पुढे."

"काल पण असाच उभा होतास." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उतरलं. "म्हणजे नर्स म्हणाली तसं काल तू डॉक्टरांसाठी नव्हतास आला खाली."

"ओर्ना—"

"एवढी वर्षं आम्हाला शिकवलंस. कुणाच्या सांगण्याने वागू नका, कुणाला भिऊ नका. तुझं ऐकून मी काय काय केलं माहितीये? आणि आई तिथे एकटी मेली, कारण तू कोहेन? तू?" ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. "तिला शब्द दिला होतास. मी होते खोलीत तेव्हा." आणि ती वळून आत गेली.

फाटकाच्या बाजूला पत्र्याचं एक छप्पर होतं. तिथे कोहेन मंडळी उभी राहतात, लांबून प्रार्थना म्हणतात. त्या छपराखाली काळी टोपी घातलेला एक म्हातारा कधीचा उभा होता. फ्राजीने त्याला पाहिलं होतं पण ओळखलं नव्हतं. दाढी सगळी पांढरी झाली होती, आणि बाबांसारखा तो एका पायावर भार देऊन उभा होता. हवीता. नेगेवमधून एवढ्या लांब तीन बसा बदलून आलेला.

"तिच्या मुलीने फोन केला," हवीता जवळ येत म्हणाला. "म्हटलं, जाऊन येतो. देव तुझं सांत्वन करो, असं नाही म्हणत, तू चिडशील."

"म्हण. आता काय चिडायचं."

दोघं भाऊ शेजारी शेजारी उभे राहिले. वारा हवीताच्या दाढीत शिरत होता. मग हवीता, भावाला धीर द्यायचा म्हणून, अगदी मायेने म्हणाला, "तू आत गेला नाहीस, ते मी बघितलं. बाबांना बरं वाटलं असतं. शेवटी शेवटी ते तुझंच बोलायचे, तुला सांगायचं राहिलंच. म्हणायचे, फ्राजी कसाही राहिला, पण लग्न नाही केलं त्याने तिच्याशी. सायप्रसला जाऊन येणं काय कठीण होतं? नाही गेला. आतून कोहेनपण राखलं पोराने. समाधानाने गेले रे बाबा."

फ्राजी ऐकत होता. समोर एक मांजर भिंतीवरून चालत गेलं, ते त्याने पूर्ण जाईपर्यंत बघितलं. राखाडी टोपी. डब्यात परत ठेवलेली. आपलं आपण ठरवलं ना, झालं. कुणी ठरवलं होतं ते? शिक्का नको म्हणताना त्याच्या तोंडून कोण बोललं होतं? तो इतकी वर्षं समजत होता की आपण बापाचं घर सोडून आलो. आणि बाप तर समाधानाने गेला! म्हणजे बखोट सुटलंच नव्हतं. ओडेटला एका टोपीइतकं, एका जहाजाच्या फेरीइतकं साधं सुख हवं होतं, आणि त्याने ते तत्त्वाच्या नावाखाली बापाला देऊन टाकलं होतं. आणि तिला हे कळलेलं असणार. ती हात करायची ना जहाजाला. तिला सगळं स्वच्छ दिसत होतं, चष्म्याशिवाय. फ्राजी खाली बसला, तिथेच, धुळीत.

"काय झालं? मी काय वाईट बोललो?" हवीता घाबरला. "पाणी देऊ?"

"तिला ती टोपी घालायची होती," फ्राजी म्हणाला. "लग्नाची टोपी होती ती. कधी घातलीच नाही तिने."

हवीता फाटकाकडे बघत राहिला. आतून फावड्यांचा आवाज यायला लागला. "घातली होती," तो शेवटी म्हणाला. "राखाडी ना? जाळीची? बाबांच्या मातीच्या वेळी. तू आत होतास, बापासाठी कोहेनाने आत जायचंच असतं. ती बाहेर उभी होती, रस्त्याच्या पलीकडे. आम्ही तिला येऊ दिलं नव्हतं. काय ऊन होतं त्या दिवशी. मी बाहेर आलो तर ती तशीच उभी, ती टोपी घालून, लाल लाल झालेली. माझ्या हातात पाण्याची बाटली होती, फ्राजी. भरलेली. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्यासमोरून निघून गेलो." त्याने नाक पुसलं. "रोज उपासनेला उभा राहतो मी. रोज मध्येच ती बाटली दिसते. नियम मी एकही मोडला नव्हता त्या दिवशी. शोधला मी, कुठला मोडला. एकही नाही."

फ्राजीला ते माहीतच नव्हतं. ती म्हणाली होती, मी घरीच होते, डोकं दुखत होतं.

हवीताने खिशातून चाकू काढला, संत्री सोलायचा, लहानसा. फ्राजीसमोर गुडघे टेकून बसला, गुडघे करकरले त्याचे. त्याने फ्राजीच्या सदऱ्याची गळ्याजवळची कड चिमटीत धरली, चाकूने तिला चीर दिली आणि दोन्ही हातांनी ती टरकन फाडली, छातीपर्यंत.

"हे काय करतोयस?"

"बायको गेलेल्याचा सदरा शाबूत राहत नाही," हवीता म्हणाला. "ऊठ आता. बायकोसाठी कोहेनाला आत जाता येतं. येतं काय, जावंच लागतं. धर्माची आज्ञा आहे."

फ्राजीने त्याच्याकडे पाहिलं. दोघं एकाच बापाच्या मांडीवर बसून एकच पाठ घोकलेले. "लग्नाच्या बायकोसाठी," तो म्हणाला. "आणि लग्न केलं तरी, मनाई असलेल्या बायकोसाठी नाही. बाबांनी पाठ करून घेतलं होतं. तुला माझ्यापेक्षा जास्त येतं. खोटं बोलतोयस तू."

"हो," हवीता म्हणाला. त्याने चाकू खिशात ठेवला. उभ्या आयुष्यात त्याने धर्माच्या नावावर एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. "बोलतोय. देवाशी माझं मी बघून घेईन. तू ऊठ."

माझं मी बघून घेईन! फ्राजीला वाटलं, हे वाक्य आपलं. आयुष्यभर आपण ते दुकानात बसून वापरलं, आणि ते खरं कसं म्हणतात हे आत्ता, या काळ्या टोपीवाल्या म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकलं. त्याला उठायचं होतं. पाय ऐकेनात. "मला नाही जमत रे," तो म्हणाला. "बाबा धरतात. खरंच धरतात. काल मी तिचा हात सोडला, हवीता. ती असतानाच सोडला असेन. मला माहीतच नाही."

हवीता उठला. तो मागे गेला, वाकला, आणि त्याने फ्राजीला बखोटीला धरून उठवलं. चार बोटं काखेत, नेमकी तिथेच. हाताला चांदीचा आणि तेजाबाचा वास येत होता. बापाचा धंदा तोच चालवत होता. "ऊठ, चल," तो म्हणाला, "आत." फ्राजीचे पाय क्षणभर जुन्या सवयीने बाहेरच्या दिशेला वळले. हवीताने त्याला फिरवलं, फाटकापर्यंत ढकलत नेलं, आणि उंबऱ्याच्या दगडापाशी सोडलं. तो स्वतः पुढे आला नाही. त्याला येता येत नव्हतं. तो तिथेच थांबला, मघाशी फ्राजी जिथे उभा होता तिथे.

फ्राजी चालत गेला. सगळीकडे दगड होते, नावं होती, त्याला या बाजूची वाट माहीत नव्हती. तो पोचला तोवर मंडळी पांगली होती, फावडी ओल्या मातीत खोचून ठेवलेली होती. ओर्ना एकटी होती. तिने त्याच्या सदऱ्याचा फाटलेला गळा पाहिला, आणि बाजूला सरून जागा दिली. आपण आलो की आपल्याला आणलं, हे फ्राजीला कळत नव्हतं, आणि ओडेटला विचारावं तर ती आता सांगणार नव्हती. सदऱ्याच्या खिशात चष्मा होता. एका काचेवर तिचा ठसा होता, तो त्याने पुसला नव्हता. तो गुडघ्यांवर बसला. मूठभर माती उचलली आणि टाकली, शब्द दिला होता तेवढी. मग हात काढून घ्यायची वेळ झाली. काखेत काहीतरी हललं. त्याने हात तसाच मातीवर ठेवला. ओर्ना थोड्या वेळाने म्हणाली, "चल आता." पलीकडे फाटकाबाहेरून हवीताचा प्रार्थनेचा आवाज वाऱ्याबरोबर येत होता, मोठ्याने, आत ऐकू जावा इतका.

"थांब जरा," फ्राजी म्हणाला. "अजून थोडा वेळ."